नळ आला, पण पाणी कोणते आले?

दरवर्षी २० मार्च उजाडला की आपली पावले महाडच्या दिशेने वळतात. १९२७ साली याच दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि हजारो वर्षांच्या अमानुष व्यवस्थेला आव्हान दिले. त्या तळ्याच्या नावाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. चवदार तळे! म्हणजे ज्याचे पाणी चवीला गोड, ते तळे. गावातील चवदार पाणी एका वर्गासाठी राखीव होते आणि उरलेल्यांनी मिळेल ते प्यावे, असा तो न्याय होता. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण त्या दिवशी मिळविला. परंतु आज जवळपास शंभर वर्षांनंतर परभणी जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांमध्ये उभे राहिले की दुसरा प्रश्न समोर येतो. नळ आला, हे खरे. पण त्या नळाला पाणी कोणते आले?

हा प्रश्न काहींना किरकोळ वाटेल. ‘पाणी मिळते ना? मग चवीचे लाड कशाला?’ असे म्हणणारे लोक गावातही आहेत आणि कचेरीतही आहेत. आमचे म्हणणे असे की हा चवीचा प्रश्न नाही. हा साबणाचा, सरपणाचा, गॅसच्या टाकीचा, डाळीचा, माठाचा, आयाबहिणींच्या कष्टाचा आणि शेवटी समतेचा प्रश्न आहे. म्हणूनच तो या पानावर मांडण्याची गरज आम्हास वाटली.

जड पाणी म्हणजे काय?

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात कोणत्याही बोअरच्या पाण्याने हात धुवा. साबण घासून घासून झिजतो, पण फेस येत नाही. हात धुतल्यावरही चिकट वाटतात. आमच्या आयाबहिणी याला ‘जड पाणी’ म्हणतात, कोणी ‘क्षाराचे’, तर कोणी ‘मचूळ’ म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच ‘दुष्फेन पाणी’ म्हटले आहे, म्हणजे ज्यात साबणाला नीट फेस येत नाही ते पाणी. नाव कोणतेही द्या, कारण एकच. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त विरघळलेले असतात.

हे क्षार येतात कुठून? आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. वर काळी कसदार माती, तिच्यात ठिकठिकाणी चुनखडीचे खडे आणि खाली हा काळा दगड. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीतून व दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवीत खाली उतरते. जितके खोल जाईल आणि जितका जास्त काळ दगडाच्या संगतीत राहील तितके ते सामान्यतः जड होत जाते. उथळ विहीर आटली म्हणून बोअर घेतला, तो आटला म्हणून आणखी खोल बोअर घेतला, की पाणी मिळते. पण ते आधीपेक्षा जड असण्याची शक्यता वाढते. उलट नदीत आणि धरणात साठलेले पाणी बहुतांशी पावसाचे असते. दगडाशी त्याची संगत कमी, म्हणून ते साधारणपणे हलके असते.

हा निसर्गाचा नियम आहे आणि निसर्ग जात पाहत नाही. पाटलाच्या वाड्याखाली जो दगड आहे तोच बौद्धवाड्याखाली आहे. मग यात सामाजिक प्रश्न कोठून आला? तो येतो या पाण्यातून सुटण्याच्या वाटेवर. ज्याची कॅनॉललगत विहीर आहे तो तेथून पाणी आणतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवितो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्या मजुराच्या घरात बोअरचे पाणी हेच पहिले आणि हेच शेवटचे. खडकाला जात नसते. पाइपलाइन कोठवर न्यायची हे ठरविणाऱ्या माणसांना मात्र ती असू शकते!

घराला बसणारा भुर्दंड

आता हिशेब मांडू, कारण हिशेब मांडल्याशिवाय व्यवस्था ऐकत नाही. पाण्याचा जडपणा दर लिटरमागे किती मिलिग्रॅम, असा मोजतात. सर्वसाधारण वर्गवारीत १८० च्या वर गेलेले पाणी ‘अतिशय जड’ समजले जाते. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि ६०० ही शेवटची मर्यादा आहे. या दोन आकड्यांमधील अंतरात काय दडले आहे ते पुढे पाहू. आधी ६०० च्या पाण्याने घरात काय होते ते पाहू.

शासनाच्या जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा आहे. पाच माणसांच्या घरात दिवसाला २७५ लिटर पाणी आले आणि त्याचा जडपणा ६०० असला, तर त्या घरात दररोज १६५ ग्रॅम क्षार पाण्यासोबत येतात. महिन्याला सुमारे पाच किलो, वर्षाला साठ किलो! एवढी चुनखडी आपली माउली डोक्यावर वाहते, चुलीवर उकळते, कपड्यांवर ओतते आणि लेकरांना पाजते.

साबणाचा हिशेब रसायनशास्त्राने अगदी चोख करता येतो. पाण्यातील कॅल्शियम आधी साबणाला पकडते आणि त्याचा न विरघळणारा पांढरा साका करून टाकते. सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियम असे संपल्यावरच उरलेला साबण फेस देतो. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम शुद्ध साबण असा वाया जातो. म्हणजे ६०० च्या जडपणाच्या २० लिटरच्या बादलीभर पाण्यात फेस यायच्या आधीच ७० ग्रॅमच्या आसपास साबण फुकट जाऊ शकतो. तेच २०० च्या पाण्यात २४ ग्रॅम. कोणी बादलीत साबण विरघळवीत बसत नाही, वडी कपड्याला घासतात, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु नुकसानीचे प्रमाण यावरून कळते. बाजारात मिळणारी धुण्याची पावडर म्हणजे खरा साबण नव्हे. तिचा या पाण्यात थोडा निभाव लागतो, तरी तीही जास्तच ओतावी लागते. पांढऱ्या कपड्यांवर करडी झाक बसते, कापड खरबरीत होते आणि लवकर विरते. १४ एप्रिलसाठी जपून ठेवलेली पांढरी साडी दोन-चार धुण्यांतच मळकट का दिसू लागते, याचे उत्तर त्या पांढऱ्या साक्यात आहे.

स्वयंपाकघरात या. तुरीची डाळ शिजत नाही. धान्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य असते. पाण्यातील कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधते, म्हणून दाणा मऊ पडत नाही. कुकरच्या शिट्ट्या वाढतात, गॅस वाढतो, चुलीवर असेल तर सरपण आणि धूर दोन्ही वाढतात. यावर उपाय म्हणून अनेक घरांत डाळीत चिमूटभर सोडा टाकतात. डाळ शिजते खरी. पण सोड्याने डाळीतील ब-१ जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. ज्या घरात डाळ हाच प्रथिनांचा मुख्य आधार, त्या घरातली डाळही अशी निःसत्त्व व्हावी काय?

पाणी तापविण्याच्या भांड्याला, हिटरच्या कांडीला आणि बंबाच्या नळीला आतून पांढरा थर धरतो. हा थर उष्णतेला अडवितो, म्हणून तेवढेच पाणी तापवायला जास्त इंधन लागते. परभणीच्या उन्हाळ्यात गरिबाचा फ्रीज म्हणजे माठ. या पाण्याने माठाची छिद्रे क्षाराने बुजतात, पाझर थांबतो आणि माठातले पाणी गार होत नाही. एका उन्हाळ्यात माठ निकामी होतो. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवरही क्षार बसून त्या दगडासारख्या होतात. नळाच्या तोट्या गळू लागतात.

हे सारे खर्च कोणत्याही पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाहीत. शासनाच्या कोणत्याही अहवालात ‘जड पाण्याचा खर्च’ असा रकाना आम्ही पाहिलेला नाही. म्हणून आम्ही याला न छापलेली पाणीपट्टी म्हणतो. ती सर्वांनाच भरावी लागते. पण मजुरीवर जगणाऱ्याच्या कमाईतून ती जास्त टोचते. आणि ती भरण्याचे कष्ट बाईच्या वाट्याला येतात. घासणे तिचे, उकळणे तिचे, थर खरवडणे तिचे.

खरी तक्रार आणि खोटी भीती

येथे चळवळीतील कार्यकर्त्यांना एक गोष्ट परखडपणे सांगणे आवश्यक आहे. ‘जड पाणी म्हणजे विष’, ‘या पाण्यानेच सगळ्यांना मुतखडे झाले’ अशी निवेदने आम्ही अनेकदा वाचतो. भावना समजू शकते. पण कायद्याच्या दारात भावना टिकत नाही, पुरावा टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरविलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम हे शरीराला लागणारेच घटक आहेत. मुतखड्याचे ठळकपणे ओळखले गेलेले एक कारण म्हणजे उन्हातान्हात घाम गाळून पुरेसे पाणी न पिणे. रोजगार हमीच्या कामावर, ऊसतोडीवर, वीटभट्टीवर राबणारा आमचा माणूस दिवसभरात किती पाणी पितो? पाणी मचूळ लागते म्हणून तो कमी पीत असेल, तर दोष पाण्याकडे वळतोच. पण तो अशा वळणाने येतो, हे समजून घेतले पाहिजे.

मग खरा धोका कोणता? जड पाण्याच्या आडून येणारे दुसरे घटक. खोल बोअरच्या पाण्यात काही भागांत फ्लोराइड जास्त असते. यवतमाळ, चंद्रपूर आणि आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील काही गावांनी त्याचे परिणाम दातांवर आणि हाडांवर भोगले आहेत. नायट्रेट येते ते शेतातील खतांतून, शौचालयाच्या खड्ड्यांतून आणि उकिरड्यातून. तान्ह्या बाळाला वरच्या दुधात असे पाणी कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि शेवटची १.५ आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत नाही. जडपणा जिभेला आणि साबणाला कळतो. फ्लोराइड आणि नायट्रेट कळत नाहीत. म्हणून निवेदन देताना ‘पाणी खराब आहे’ एवढेच लिहू नका. जडपणा किती, एकूण विरघळलेले क्षार किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती आणि जंतू आहेत की नाहीत, हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारा. आपला समाज बुद्धाचा वारसा सांगतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून घ्या, ही त्या वारशाची पहिली शिकवण आहे.

घरगुती उपायांचेही तसेच. तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उकळून, थंड करून, वरचे पाणी अलगद गाळून घेतल्यास जडपणाचा एक भाग, म्हणजे बायकार्बोनेटमुळे आलेला भाग कमी होतो. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला भाग तसाच राहतो. कपडे धुण्यासाठी धुण्याचा सोडा आधी पाण्यात मिसळून निवळू दिल्यास साबण वाचतो. मात्र फ्लोराइड आणि नायट्रेट उकळल्याने जात नाहीत. पाणी आटले की त्यांचे प्रमाण उलट वाढते. हे आपल्या महिला मंडळांनी घरोघरी सांगितले पाहिजे.

जारचा धंदा

या अडचणीतून गावोगावी एक धंदा उभा राहिला आहे. शासनाने जेथे जबाबदारी सोडली तेथे बाजार शिरला. गल्लीच्या तोंडाशी यंत्र बसते, त्याच गावच्या जमिनीतून बोअरने पाणी उपसले जाते, गाळले जाते आणि २० लिटरच्या जारमधून गावालाच विकले जाते. अशा यंत्रातून एक लिटर गोड पाणी निघताना साधारण दोन-तीन लिटर अधिक खारट झालेले पाणी बाहेर पडू शकते. ते नालीत जाते, नालीतून जमिनीत मुरते आणि शेजारच्या बोअरमध्ये उतरू शकते. म्हणजे विकत घेणाऱ्याला गोड पाणी आणि न घेऊ शकणाऱ्याच्या वाट्याला आणखी जड पाणी! जारवर कधी लिहिलेले असते का, की हे पाणी कोणत्या तारखेला तपासले, त्यात क्षार किती, जंतू किती?

एकेकाळी आमच्या पूर्वजांना विहिरीपासून दूर उभे राहावे लागे. कोणीतरी वरून पाणी ओतील तेव्हा ओंजळ भरे. आज कोणी दूर उभे करीत नाही. आज फक्त ‘पैसे टाका’ असे म्हणतात. स्पर्शाची जागा पैशाने घेतली. पण ज्याच्या हाती पैसा नाही, तो पुन्हा दूरच उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

कायद्याच्या एका ओळीत दडलेला हक्क

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक १०५०० मध्ये (२०१२ ची आवृत्ती) जडपणाचे दोन आकडे आहेत, हे आपण पाहिले. पहिला २००. दुसरा ६००. गावात पाणी तपासले आणि ४५० निघाले, की ‘सहाशेच्या आत आहे, पाणी पिण्यास योग्य आहे’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. सामान्य माणूस गप्प बसतो, कारण कागदावर ‘योग्य’ लिहिलेले असते.

परंतु त्या दुसऱ्या आकड्याच्या डोक्यावर एक अट लिहिलेली आहे. ती अट अशी की ही मर्यादा ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ लागू आहे. मानकाच्या टिपेत तर आणखी स्पष्ट म्हटले आहे की अमलात आणायची ती स्वीकार्य मर्यादाच, तिच्यापलीकडील पाणी योग्य नव्हे. दुसरा स्रोत नसेल तरच ते चालवून घ्यायचे आणि शेवटची मर्यादा ओलांडली की तो स्रोतच नाकारायचा. म्हणजे ४५० चे पाणी ‘योग्य’ नाही. ते नाइलाजाने सहन करायचे पाणी आहे. आणि नाइलाज आहे की नाही, हे आधी सिद्ध झाले पाहिजे.

आता परभणी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. पूर्णा वाहते, दुधना वाहते. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी धरण आहे. सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे. गंगाखेड तालुक्यात मासोळी प्रकल्प आहे. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवतच्या बाजूने जिल्ह्यात येतो. या जिल्ह्यात ‘पर्यायी स्रोत नाही’ असे कोणी कोणत्या तोंडाने म्हणावे? दुष्काळात ही धरणे आटतात, हे आम्हीही पाहिले आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण मग प्रश्न प्राधान्याचा होतो. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान आहे. ते स्थान कागदावर आहे की पाइपलाइनमध्ये आहे, एवढेच आम्हास विचारायचे आहे.

येलदरी आणि निम्न दुधनासह मराठवाड्यातील ११ धरणे जोडणारी वॉटर ग्रीडची योजना काही वर्षांपूर्वी मोठ्या गाजावाजाने जाहीर झाली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ, असे उद्दिष्ट होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याचे जाहीर झाले. या मिशनची व्याख्या लक्षात ठेवा. नुसती तोटी बसली म्हणजे नळजोडणी नव्हे. पुरेसे, नियमित आणि याच मानकात बसणारे पाणी आले तरच ती नळजोडणी मोजायची. म्हणजे वस्तीतील बोअरला टाकी जोडून, टाकीला तोट्या जोडून ‘हर घर नळ’चा फलक लावला, तरी प्रश्न संपत नाही. उलट तो तेथून सुरू होतो.

येथे दलित वस्तीच्या निधीबद्दलही बोलले पाहिजे. हा निधी आमच्या वस्तीच्या विकासासाठी आहे आणि तो आमचा हक्क आहे. परंतु या निधीतून वस्तीसाठी वेगळा बोअर, वेगळी टाकी, वेगळा नळ करून दिला जात असेल, गावाला मात्र मोठ्या योजनेचे पाणी जात असेल, तर ती सुधारणा की जुनीच विभागणी नव्या सिमेंटमध्ये? आमच्यासाठी वेगळा पाणवठा ही कल्पना बाबासाहेबांनी महाडला झुगारली. आपण फक्त पाणी पिण्यासाठी येथे आलो नाही, समतेसाठी आलो आहोत, हा त्यांच्या महाडच्या भाषणाचा आशय होता. तो आशय लक्षात ठेवून आपल्या गावात दोन टाक्या आहेत का, आणि असतील तर दोघींत एकच पाणी पडते का, हे प्रत्येकाने पाहावे.

कायदा आपल्या बाजूने आहे. सार्वजनिक विहिरी, तळी यांच्या वापरात जातीवरून भेद करता येणार नाही, असे संविधानाचे कलम १५ सांगते. कलम २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटले. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविते. अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतीचा विषय आहे. पण लढा चिवटपणे लढावा लागतो, हे महाडनेच शिकविले. सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात झाला. सत्याग्रह १९२७ साली झाला. त्यानंतर तळे खाजगी आहे, रूढी प्राचीन आहे, असा दावा करून विरोधक कोर्टात गेले. तो दावा उच्च न्यायालयात कायमचा निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे! कागद जपले, साक्षी जपल्या, तारखा पाळल्या, तेव्हा तो विजय मिळाला. घोषणा एका दिवसाच्या होत्या. कागद चौदा वर्षांचे होते.

आता करायचे काय?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावातील बौद्ध विहाराने पाण्याची एक वही ठेवावी. पाणी तपासणे हे कोणा साहेबांचे गुपित नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या पाच महिला कोण, हे ग्रामपंचायतीस विचारा. त्यात आपल्या वस्तीतील एकही नसेल तर का नाही, हेही विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलसुरक्षकामार्फत नमुने तेथे जातात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वस्तीच्या नळाचा आणि गावाच्या नळाचा नमुना एकाच दिवशी घ्यावा. अहवाल मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. साध्या कागदावर अर्ज करता येतो. अहवाल आला की रविवारच्या वंदनेनंतर तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि आकडे वहीत उतरवावेत. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या कार्डावर समाधान मानू नये. ते कार्ड प्रामुख्याने स्वच्छता आणि जंतूंचा धोका सांगते, जडपणा सांगत नाही.

जडपणा २०० च्या वर असेल तर ग्रामसभेत एकच ठराव मांडावा. ‘पर्यायी स्रोत उपलब्ध आहे की नाही, याचे लेखी उत्तर संबंधित विभागाने द्यावे.’ एवढेच. या एका वाक्याला उत्तर देताना यंत्रणेला धरण, कालवा, अंतर, पाइपलाइन आणि प्राधान्य या साऱ्यांचा हिशेब द्यावा लागेल. पर्याय असेल तर तो वस्तीपर्यंत आणावा लागेल. खरोखर नसेल, तर धरणाचे जे काही पाणी मिळते ते बोअरच्या पाण्यात मिसळून सगळ्या गावाला सारखे द्यावे, किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीचे शुद्धीकरण केंद्र उभारून पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी घरटी मोफत द्यावे, अशी मागणी करता येईल.

सोबत आपल्या हातात जे आहे तेही करावे. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने १००० लिटर पाणी येते, आणि आकाशातून पडणारे ते पाणी जवळपास क्षारमुक्त असते. विहाराच्या, समाजमंदिराच्या, शाळेच्या छतावरील पाणी पहिल्या पावसाची घाण सोडून, गाळून साठवले तर वस्तीची डाळ तरी काही महिने नीट शिजेल. उरलेले गाळून बोअरशेजारी मुरविले तर बोअरचे पाणीही थोडे हलके होण्यास मदत होईल. पण हे शासनाच्या जबाबदारीला पर्याय म्हणून नव्हे, हे पक्के ध्यानात असू द्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. नद्यांचे पाणी धरणांत साठवून ते जनतेच्या कामी यावे, यासाठी त्या काळात जी धोरणे आखली गेली त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ साली त्यातूनच उभा राहिला. ज्या महापुरुषाने एका तळ्याच्या ओंजळभर पाण्यापासून आरंभ केला, त्याने देशाच्या नद्यांचा विचार केला. त्यांच्या अनुयायांनी आपल्या नळातल्या पाण्याचा आकडाही माहीत करून घेऊ नये काय?

येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण निघण्यापूर्वी आपल्या वस्तीच्या नळाचे पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून तपासणीस द्यावे. परत येईपर्यंत अहवाल तयार असेल किंवा नसेल. नसेल तर तो मागण्यापासून पुढच्या लढ्याला सुरुवात होईल.

जयभीम!